पिस्टन ऑइलच्या डब्यात बुडवून बसवू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरच्या शेतीच्या पुरवणीत खरिपाच्या आधी ट्रॅक्टरची तयारी कशी करावी यावर लेख आला होता. लेख चांगला होता, बॅटरी, क्लच, हायड्रॉलिक, टायर सगळं साध्या भाषेत सांगितलं होतं. पण इंजिन कामाबद्दल त्यात दोन वाक्यं अशी होती की वाचून राहवलं नाही. एक म्हणजे पिस्टन रिंगसकट नवीन ऑइलच्या डब्यात बुडवून काढावा आणि तसाच निथळता बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या गोल भोकात, टाकावा. दुसरं म्हणजे नवीन बांधलेलं इंजिन पहिल्या दिवशी पाच-सहा तास स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवावं म्हणजे ते मोकळं होते. मी नागपुरात वाडीला डिझेल इंजिनचं काम करतो, आयुष्य यातच गेलं, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की चांगलं बांधलेलं इंजिन कसं धूर मारायला लागते हे मी दरवर्षी पाहून राहिलो.

आत्ताच लिहितोय कारण मे महिना आहे. वाडीपासून कळमेश्वर, काटोल, सावनेर, उमरेडपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये जा, दोन-तीन ट्रॅक्टर तरी हेड काढून उभे दिसतील, सगळ्यांना पहिल्या पावसाच्या आधी गाडी पाहिजे. मिस्त्रीवर घाई असते, मालक डोक्यावर उभा असतो, पोट्टे नवीन असतात, अशा वेळी पेपरात छापून आलेलं वाक्य लोक खरं धरून चालतात. पेपरचं कात्रण घेऊन आलेला एक शेतकरी परवाच माझ्याकडं येऊन विचारून गेला की भाऊ तुम्ही पिस्टन बुडवून टाकता ना.

आधी रिंगचं काम काय ते सांगतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि लायनर, म्हणजे बोअरमधली नळी जिच्या भिंतीवर पिस्टन चालतो, ती बिडाची, अ‍ॅल्युमिनियम गरम झालं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगते म्हणून दोघांत जागा ठेवावीच लागते, आणि ती जागा बंद करायचं काम रिंगचं. रिंगची कल्पना वाफेच्या इंजिनातून आली, 1850 च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्लंडच्या रेल्वे इंजिनियरनं एका जागी तोडलेली स्प्रिंगसारखी धातूची रिंग पिस्टनवर बसवली, त्याच्या आधी पिस्टनला दोरा-ताग गुंडाळून काम भागवायचे. आज डिझेल इंजिनात बहुतेक तीन रिंगा असतात, वरच्या दोन कम्प्रेशनच्या आणि खालची ऑइलची. आता लोकांना वाटते की रिंग स्वतःच्या ताणानं भिंतीला दाबून बसते, तो ताण असतो पण थोडा असतो. खरा जोर गॅसचा असतो. वर डिझेल पेटलं की तो दाब वरच्या रिंगच्या गाळ्यात (रिंग बसते त्या पिस्टनवरच्या खाचेत), म्हणजे रिंगच्या मागं जातो आणि तिला मागून ढकलून भिंतीवर दाबतो. गाळ्यात रिंगच्या वर-मागं जी बारीक फट ठेवलेली असते ती याच्यासाठीच आहे, गॅसला तिथून जायला रस्ता पाहिजे.

आणि भिंत गुळगुळीत नसते, मुद्दाम नसते. होनिंगचे दगड मारून तिच्यावर तिरप्या रेघा पाडलेल्या असतात, एकमेकींना साधारण 45 ते 60 अंशात कापणाऱ्या. रेघांच्या खोलगट भागात ऑइल धरून राहते आणि रेघांची वरची बारीक टोकं पहिल्या काही तासांत रिंगच्या तोंडावर घासून खाली बसतात, रिंगही थोडी घासते, आणि दोघं एकमेकांच्या मापाचे होतात. यालाच आपण रिंग बसली म्हणतो. हे काम एकदाच होते. ती टोकं एकदा गेली किंवा त्यांच्यावर लेप चढला की मग शंभर तास चालवा, पाचशे तास चालवा, रिंग बसणार नाही.

आता पिस्टन डब्यात बुडवला की काय होते पाहा. रिंगच्या मागं गाळ्यात ऑइल भरते, ऑइल रिंगच्या जाळीत भरते, वरच्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या जागेत भरते. रिंगा दाबून धरणारा क्लॅम्प लावून आत सारला की तेवढं सगळं ऑइल आत जाते, त्यातलं बरंचसं वरच्या बाजूला, आणि ऑइल रिंग तिथलं ऑइल काढू शकत नाही कारण ती खाली आहे. इंजिन चालू झालं की ते ऑइल तिथंच जळते. चांगलं स्वच्छ जळत नाही, काळं चिकट डांबरासारखं होऊन गाळ्यात बसते, रिंग हलायची ती जाम व्हायला लागते आणि गॅसचा रस्ताही बुजतो. भिंतीवर जे जास्तीचं ऑइल आहे ते पण भाजून निघते आणि होनिंगच्या रेघा भरून टाकते, भिंत आरशासारखी चमकायला लागते. नवीन पोट्ट्यांना ती चमक पाहून वाटते की वा काय फिनिश आली, पण ते ग्लेझिंग आहे, आणि ते झालं की इंजिन पुन्हा खोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

असंच एक इंजिन काटोलकडून माझ्याकडं आलं होतं. संत्र्याचा बगीचा, ट्रॅक्टरवर फवारणीचा ब्लोअर चालतो, दुसरीकडं फुल इंजिन काम करून घेतलं होतं, नवीन लायनर-पिस्टन किट, नवीन बेअरिंग, बिलं सगळी खरी, माल सगळा चांगल्या कंपनीचा. तरी पहिल्या आठवड्यापासून निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या हवा सोडायच्या नळीतून) बॅक कम्प्रेशन, म्हणजे रिंगच्या बाजूनं निसटलेला गॅस, डिपस्टिक रोज खाली. मालकानं सांगितलं की मिस्त्रीनं डोळ्यासमोर पिस्टन ऑइलच्या डब्यात बुडवले, चांगलं काम करतो म्हणून त्यानं कौतुकानं पाहिलं, आणि मग इंजिन रात्रभर स्लोवर ठेवलं. खोललं तर दोन पिस्टनच्या वरच्या रिंगा गाळ्यात चिकटलेल्या आणि लायनरवर एक रेघ दिसेना. बाकी फिटिंगमध्ये काही चूक नव्हती, बेअरिंगची गॅप बरोबर, टॉर्क बरोबर. त्या माणसाला नवीन रिंग सेट, पॅकिंग सेट, लायनरला पुन्हा हात, दुसऱ्यांदा मजुरी, आणि बगीच्यात फवारणीच्या दिवसात ट्रॅक्टर नाही, भाड्यानं आणावा लागला. त्याच्या तोंडाकडं पाहून मला फार वाईट वाटलं, कारण त्यानं कुठंही पैसा वाचवला नव्हता.

यात त्या मिस्त्रीला मी शिव्या देत नाही. त्याच्या डोक्यात भीती कोरड्या स्टार्टची आहे आणि ती भीती खरी आहे. इंजिन पहिल्यांदा फिरते तेव्हा पंपातून ऑइल वर यायला वेळ लागतो, तोपर्यंत पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे रिंगांच्या खालचा भाग, आणि लायनर कोरडे असले तर ओरखडे पडतात. म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन रिंग एकदम कोरड्या बसवणारेही आहेत, काही रेसिंगवाले आणि काही रिंग बनवणारे लोक तसं सांगतात, रिंग लवकर बसते म्हणून. त्यांच्याकडं इंजिन बांधलं की लगेच चालू होते. आपल्याकडं ब्लॉक बांधून ठेवला आणि हेड लेथवाल्याकडं अडकलं की चार दिवस, आठ दिवस तसाच पडून राहतो, कोरडा बीड गंज धरतो, जूनमधे तर एका रात्रीत लालसर होतो. त्यामुळं आपल्या कामाला कोरडी फिटिंग चालत नाही, आणि बुडवून फिटिंगही चालत नाही.

मग करायचं काय. ऑइल लावायचं, पण कुठं किती हे वेगवेगळं आहे. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी), कनेक्टिंग रॉडचा बुश, बिगएंड बेअरिंग, मेन बेअरिंग, क्रँकचे जर्नल इथं हात सैल सोडा, भरपूर लावा, इथं जास्त झालेलं ऑइल खाली संपमधे, म्हणजे ऑइलच्या टाकीत, पडते, काही बिघडत नाही. कॅमशाफ्टचे लोब आणि टॅपेटला असेंब्ली लूब मिळत असेल तर ते लावा. पिस्टनच्या स्कर्टला बोटानं ऑइल चोळा, दोन्ही बाजूला, पूर्ण ओला दिसला पाहिजे पण टपकला नाही पाहिजे. लायनरच्या आत स्वच्छ फडकं ऑइलमध्ये भिजवून पिळून घ्यायचं आणि त्यानं पूर्ण भिंत पुसून काढायची, वरपासून खालपर्यंत, भिंतीला चमक आली पाहिजे, ओघळ नाही आला पाहिजे, ओघळ आला तर ते जास्त आहे. रिंगांवर मात्र फक्त दोन-चार थेंब, बोटानं रिंगच्या तोंडावर गोल फिरवून लावायचे, रिंग गाळ्यात हलवून पाहायची मोकळी आहे का, आणि गाळ्यात साचलेलं दिसलं तर पुसून घ्यायचं. क्लॅम्पच्या आतल्या बाजूला थोडं बोट फिरवा म्हणजे पिस्टन घसरून आत जाईल. हातोड्याच्या लाकडी दांड्यानं हलकं ढकलायचं आणि मधेच अडकला तर थांबायचं, तिथं रिंग क्लॅम्पमधून निसटून ब्लॉकच्या काठावर अडकलेली असते, ठोकलं की तुटलीच समजा.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे की काही कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पिस्टन-रिंगला भरपूर ऑइल लावा असं लिहिलेलं असते. तुमच्या इंजिनचं पुस्तक तसं म्हणत असेल तर पुस्तकाचं ऐका, त्यांनी त्यांची रिंग, त्यांचं होनिंग पाहून लिहिलेलं आहे. पण भरपूर लावणं वेगळं आणि डब्यात बुडवून निथळता टाकणं वेगळं, आणि लेखात सगळ्या ट्रॅक्टरला एकच नियम म्हणून बुडवा लिहिलं होतं.

ऑइल कुठलं तर जे इंजिनात जाणार आहे तेच, नवीन डब्यातलं, साधं मिनरल, ट्रॅक्टरला बहुतेक 15डब्ल्यू-40 किंवा जुन्या मॉडेलला 20डब्ल्यू-40, पुस्तकात जे असेल ते. सुरुवातीला सिंथेटिक टाकू नका. नवीन गाड्या फॅक्टरीतूनच सिंथेटिकवर येतात हे मला माहीत आहे, पण तिथलं होनिंग मशीनवर मापानं झालेलं असते आणि आपल्या गल्लीतलं हातातल्या ड्रिल मशीनवर, तिथं रिंगला घासायला थोडं जास्त काम करावं लागते. ग्रीस तर अजिबात नको. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस रिंगला लावणारे मी पाहिलेत, ते गाळ्यात बसून जळते आणि राख-कार्बन सोडते. काळी मोलिब्डेनमची पेस्ट बेअरिंग-कॅमला चांगली आहे पण लायनरला लावली तर रिंग घसरत राहते, घासतच नाही आणि बसत नाही. आणि जळकं ऑइल, म्हणजे आधीच्या इंजिनातून काढलेलं, कोपऱ्यातल्या डब्यात ठेवलेलं, ते तर हातही लावू नका, त्यात काजळी आणि धातूचा चुरा असते, नवीन बेअरिंगवर तुम्ही तो स्वतःच्या हातानं चोळता.

पण ऑइलपेक्षाही जास्त इंजिनं मी धुण्यामुळं खराब झालेली पाहिली, आणि लेखात याच्यावर एक ओळ नव्हती. होनिंग झालं की दगडाचा बारीक चुरा रेघांमध्ये रुतून बसतो. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यानं तो निघत नाही, उलट ऑइल धुऊन निघते आणि चुरा तसाच आत राहतो. त्याला गरम पाणी आणि कपडे धुवायची पावडर पाहिजे, नायलॉनचा ब्रश, आणि हातात जोर. घासा, पाण्यानं काढा, पुन्हा घासा. मग हवा मारून सुकवा आणि त्याच मिनिटाला ऑइलचं फडकं फिरवा, कारण धुतलेला बीड उघडा असतो, पाहता पाहता गंज धरतो. मग पांढरं फडकं ऑइल लावून भिंतीवर फिरवायचं, राखाडी डाग आला तर अजून चुरा आहे, पुन्हा धुवा. फडकं पांढरं निघेपर्यंत पिस्टनला हात लावायचा नाही. फडकं म्हणजे जुन्या सुती धोतराचं धुतलेलं, बाजारातलं कॉटन वेस्ट नाही, त्याचे धागे रिंगमध्ये अडकतात. नवीन लायनर किट आणलं असेल तरी धुवावं लागते, डब्यातल्या लायनरला गंज लागू नये म्हणून वरून लेप लावलेला असतो, तो तसाच ठेवून पिस्टन टाकणारेही आहेत.

आणि नागपूरची एक खास गोष्ट, कूलर. मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये 45-46 डिग्रीत माणूस काम करणार कसा, कूलर लागतोच. पण ब्लॉक उघडा ठेवून कूलर सरळ त्याच्यावर मारला की ओली हवा आणि त्याच्यासोबत धूळ आणि गवताचे तुकडे सरळ बोअरमध्ये जातात. बाहेर रोडवरून ट्रक जात असतात, तिकडची धूळ वेगळी. कूलर माणसावर वळवा, ब्लॉकवर स्वच्छ प्लास्टिक झाका, पिस्टन टाकायच्या वेळेला दहा मिनिटं कूलर बंद ठेवला तरी चालते. उन्हात ऑइल पातळ होऊन भिंतीवरून उतरते पण, म्हणून ब्लॉक बांधून दोन-तीन दिवस पडला असेल तर हेड बसवायच्या आधी पुन्हा एकदा ऑइलचं फडकं फिरवून घ्या.

रिंगची गॅप, म्हणजे तोडलेल्या जागेची फट, मोजणं जो टाळतो त्याच्याकडं इंजिन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रिंग बोअरमध्ये ठेवून पिस्टननं सरळ ढकलायची आणि फिलर गेज घालायचं, मोटामोटी बोअरच्या दर इंचाला 3 ते 4 थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 100 मिलिमीटरच्या बोअरला 12 ते 16 थाऊ, पक्कं माप पुस्तकातलं. रिंगवर टॉप लिहिलेलं किंवा टिंब असते ते वर. रिंगांच्या गॅपा एका रेषेत यायला नको, 120 अंशावर फिरवून ठेवायची, आणि ऑइल रिंगच्या आतल्या स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढायला नको.

आता स्लोवर चालवण्याचं. वर सांगितलं तसं रिंगला मागून दाब गॅसचा पाहिजे. स्लोवर डिझेल थोडंसंच जळते, दाब कमी, इंजिन नीट गरम होत नाही, न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुते, आणि रिंग दाबानं घासायच्या ऐवजी नुसती तरंगत राहते. तेवढ्या तासात भिंतीला ग्लेझ चढते. म्हणजे बुडवलेला पिस्टन आणि रात्रभर स्लो हे दोन्ही मिळून एकाच ठिकाणी नेतात. बरोबर पद्धत अशी की आधी फिल्टरमध्ये ऑइल भरा, स्टॉप ओढून ठेवून सेल्फनं थोडं थोडं फिरवा, प्रेशरचा काटा उचलला किंवा दिवा गेला की मग चालू करा. चालू झाल्यावर स्लोवर सोडायचं नाही, थोडी रेस ठेवा, पाणी-ऑइल कुठं गळते का पाहा, टेंपरेचर पाहा, आणि गरम झालं की गाडी काढा. रिकामी ट्रॉली, मग अर्धी भरलेली, हलकं वखर, गिअर बदलत, रेस कमी-जास्त करत. मध्यम लोड पाहिजे, पूर्ण लोडवर नांगर लावू नका आणि उभं करून गप्पाही मारू नका. ऑइल लवकर बदला, बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुस्तकात पहिल्या 50 तासांवर फिल्टरसकट लिहिलेलं असते, फुल काम केलेल्या इंजिनलाही तेच लावा, कारण रिंग आणि भिंत घासून निघालेला चुरा त्याच ऑइलमध्ये असतो.

टू-व्हीलरचं ब्लॉक-पिस्टन किट बदलणाऱ्यांनाही हेच लागू आहे, तिथं पिस्टन लहान असल्यामुळं बुडवायला अजून सोपा पडतो आणि म्हणून अजून जास्त लोक बुडवतात.

संपादक साहेब, माझी विनंती अशी की पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती छापा, मोठी नको, चौकटीत चार ओळी चालतील: रिंगला थोडं ऑइल, बेअरिंगला भरपूर, लायनर गरम पाणी-पावडरनं धुऊन घ्या, स्लोवर ठेवू नका आणि आपल्या मॉडेलचं पुस्तक पाहा. लेख लिहिणाऱ्यांना शक्य असेल तर आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या मास्तरांना विचारून पुढचा लेख लिहावा, नागपुरात असे जाणकार मास्तर आहेत, आणि त्यांना कोणी विचारत नाही. मी पण माझ्या गॅरेजमध्ये ज्याला पाहायचं आहे त्याला पिस्टन बसवताना दाखवायला तयार आहे, शेतकरी असो की शिकणारा पोट्टा. फक्त हे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत छापून आलं पाहिजे, कारण आत्ता ज्यांचे ब्लॉक उघडे आहेत ते तोपर्यंत बंद होऊन शेतात गेलेले असतील.

आपला नेहमीचा वाचक,
एक इंजिन मिस्त्री, वाडी, नागपूर